कण्हेरीची पानं पिवळी पडली तर: पान बघून कारण कसं शोधायचं

कण्हेरीसारखं सोशिक झुडूप बागेत दुसरं क्वचितच असतं. कडक ऊन, खारं वारं, आठवडाभर विसरलेलं पाणी, सगळं ती निमूट सहन करते. त्यामुळेच तिची पानं पिवळी दिसली की आपण गडबडून जातो. हात आधी पाण्याच्या झारीकडे जातो आणि मग खताच्या पिशवीकडे. माझं कळकळीचं सांगणं आहे, कारण कळेपर्यंत ही दोन्ही बाजूला ठेवा. पान पाणी कमी पडल्याने पिवळं पडतं आणि जास्त झाल्यानेही पडतं. जमिनीत लोह नसेल तर पडतं, आणि लोह भरपूर असून मुळांना ते उचलता येत नसेल तरी पडतं. अंदाजाने केलेला उपाय चुकला तर झाड जितकं बिघडलं होतं त्याहून जास्त बिघडतं.

सुदैवाने पिवळेपणाला एक पत्ता असतो. तो झुडपाच्या कुठल्या भागात सुरू झाला, पानाच्या कुठल्या भागात सुरू झाला आणि किती वेगाने पसरतोय, एवढं नीट पाहिलं तर बहुतेक वेळा कारण सापडतं. त्यासाठी भिंग, पांढरा कागद, खुरपं आणि पाऊण तास पुरतो.

हात लावण्याआधी

कण्हेरीचं पान, फूल, साल, मूळ, बी, सगळंच विषारी आहे. तिच्यातली ओलिअँड्रिनसारखी द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. पान वाळलं म्हणून विष जात नाही. हातमोजे घाला, चीक डोळ्यांना लागू देऊ नका, काम झाल्यावर हात आणि कात्री साबणाने धुवा. गळलेली पानं मुलं, कुत्री, मांजरं, गुरं यांच्या वाटेत पडू देऊ नका. आणि छाटलेल्या फांद्या कधीही जाळू नका, धूरही घातक असतो. कोणी चुकून पान चावलं तर उलटी होते का याची वाट न बघता सरळ दवाखाना गाठायचा, आणि काय खाल्लं ते तिथे सांगायचं.

पहिली पायरी: हा बिघाड आहे का, हे ठरवा

कण्हेर सदाहरित आहे. पण सदाहरित म्हणजे पान कधीच गळत नाही असं नाही. प्रत्येक पानाचं आयुष्य ठरलेलं असतं. नवी पालवी जोरात फुटते तेव्हा फांदीच्या खालच्या, आतल्या बाजूची जुनी पानं एकसारखी पिवळी होतात, दोन-चार दिवस तशीच राहतात आणि देठासकट सुटून पडतात. शेंडे हिरवेगार असतील, नवी पानं नेहमीच्या आकाराची येत असतील आणि एकेका फांदीवर दोन-तीनच पानं पिवळी असतील, तर काहीही करू नका. झाड पानातलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, काढून घेऊन वर पाठवतंय. तो त्याचा नेहमीचा व्यवहार आहे.

नुकतंच जागा बदललेलं किंवा कुंडीतून जमिनीत लावलेलं झाडही काही पानं टाकतं. मुळं तुटलेली असतात, तेवढ्या पानांना पाणी पुरवणं जमत नाही. हे दोन-तीन आठवड्यांत थांबायला हवं. काही जातींच्या पानांना जन्मतःच पिवळ्या कडा किंवा पट्टे असतात. तो पट्टा प्रत्येक पानावर असतो, कडा ठळक असते आणि झाड एरवी ठणठणीत वाढतं.

शेजारी पिवळ्या घंटेसारख्या फुलांची बिट्टी असेल, तर तिलाही बरेच जण पिवळी कण्हेर म्हणतात. कूळ एकच, झाड वेगळं. विषारी तीही आहेच. पुढे लिहिलेलं बरंचसं तिलाही लागू पडतं, पण मी लिहितेय ते लाल, गुलाबी, पांढऱ्या फुलांच्या कण्हेरीबद्दल.

दुसरी पायरी: पिवळेपणाचा पत्ता शोधा

झुडपापासून चार पावलं मागे उभ्या राहा आणि आधी नुसतं बघा. उजेड मागून येत असेल अशी बाजू निवडा, म्हणजे पानांच्या शिरा दिसतात.

पिवळी पानं खाली आणि आत आहेत, की वर शेंड्याला? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नत्र, पालाश (पोटॅश) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडात फिरती असतात. कमी पडली की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून आधी जुनी पानं पिवळी होतात. लोह आणि मँगनीज मात्र एकदा जिथे बसले तिथे जवळजवळ कायमचे बसतात. ते कमी पडले की जुनी पानं हिरवी राहतात आणि नवीच पिवळी निघतात.

मग एकच पान जवळून बघा. सगळं पान सारखं फिकट झालंय, की शिरा हिरव्या राहून मधली जागा पिवळी आहे? पिवळेपणा टोकाकडून आत सरकतोय, की गोल ठिपक्यांनी विखुरलाय? कण्हेरीला बहुतेक पेरांवर तीन-तीन पानं एका वलयात येतात. एकाच वलयातल्या तिन्ही पानांची अवस्था सारखी असेल तर कारण बहुधा मुळाकडचं किंवा अन्नद्रव्याचं. तीनपैकी एकच पान डागाळलेलं असेल तर कीड शोधा.

शेवटचं म्हणजे, सगळं झुडूप पिवळं आहे की एकच फांदी? एकाच फांदीचं प्रकरण वेगळं असतं, त्याकडे शेवटी येऊ.

हे सगळं एका कागदावर लिहा आणि पानाचा वरून व खालून फोटो काढून ठेवा. पंधरा दिवसांनी 'कालपेक्षा जरा बरं वाटतंय' असं मन सांगतं, फोटो मात्र खरं तेच दाखवतो.

तिसरी पायरी: पाणी, आणि त्याहून जास्त हवा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण घरच्या बागेतल्या पिवळ्या कण्हेरींचं मूळ दुखणं बहुतेक वेळा इथेच सापडतं.

कण्हेर रानात वाढते ती ओढ्या-नद्यांच्या दगडगोट्यांच्या पात्रांत. तिथे पूर येतो, झुडूप पाण्यात उभं राहतं, मग महिनोन्‌महिने कोरडं. पानाच्या रचनेतही हे दिसतं. पान उलटं करून भिंगाखाली धरलं तर बारीक खळगे दिसतात आणि त्यांत केसांची लव असते. पर्णरंध्रं त्या खळग्यांच्या तळाशी असतात, म्हणजे वाफ जपून बाहेर पडते. असं झाड थोड्या तहानेने सहसा पिवळं पडत नाही. पुराचं पाणी तिला चालतं कारण ते वाहून जातं आणि गोट्यांमधल्या फटींत हवा परत शिरते. चिकट मातीत किंवा भोक बुजलेल्या कुंडीत पाणी जातच नाही. मुळांना श्वास घ्यायला हवा मिळत नाही. आधी मुळं काम थांबवतात आणि मग कुजतात.

यातली फसवी गोष्ट अशी, की मुळं बंद पडली की झाड वरून तहानलेलंच दिसतं. पानं मलूल होतात, खालची पिवळी पडतात. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणि तो आणखी पाणी घालतो. माझ्याकडच्या कुंडीतल्या एका गुलाबी कण्हेरीचं असंच झालं होतं. माती वरून सुकलेली दिसायची म्हणून मी रोज पाणी घालत होते. शेवटी कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं, तर वरची दोन बोटं माती कोरडी आणि खालचा अर्धा गोळा चिखल. नाल्यासारखा वास. एक जाडसर तपकिरी मूळ चिमटीत धरून हलकंच ओढलं, तर त्याची साल मोज्यासारखी सरकून बोटांत आली आणि मागे नुसता पांढुरका दोरा राहिला. कुजलेल्या मुळाची याहून पक्की खूण नाही. निरोगी मूळ फिकट असतं, चिवट असतं, त्याची साल अशी सुटत नाही.

म्हणून तपासणी अशी करा.

कुंडीतलं झाड असेल तर मधल्या बोटाएवढं खोल बोट घाला, वर वर चाचपू नका. जमिनीतलं असेल तर खोडापासून हातभर अंतरावर खुरप्याने वीतभर खोल माती काढून मुठीत दाबा. हाताला ओल लागते, गोळा होतो पण बोटाने टिचकी मारली की फुटतो, हा वाफसा. कण्हेरीला हेच हवं. गोळा लोण्यासारखा दबला, बोटांत पाणी आलं, तर पाणी जास्त आहे. भुगा होऊन पडला तर कमी.

मग निचरा तपासा. झुडपाच्या बाजूला, मुळं न तोडता, साधारण ३० सेंटीमीटर खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, पूर्ण मुरू द्या. परत भरा आणि आता घड्याळ लावा. तासाला २.५ सेंटीमीटरपेक्षा कमी पाणी उतरत असेल तर निचरा खराब आहे, आणि अशा जागी कितीही चांगलं खत घाला, पानं पिवळीच येत राहतील. कुंडीसाठी याहून सोपं: पाणी घाला आणि खालच्या भोकातून ते मिनिटाभरात येतं का बघा. ताटलीत साचलेलं पाणी लगेच ओता.

*पाणी जास्त होत असेल तर.* जमिनीतल्या झाडाचं पाणी बंद करा. खोडाभोवतीचं आळं मोडा, आच्छादन बाजूला सारा, म्हणजे माती श्वास घेईल. छपराचं किंवा गच्चीचं पाणी तिथे उतरत असेल तर त्याला वाट काढून द्या. बागेत हिरवळ असेल आणि तिच्यासाठी रोज फवारे चालत असतील, तर हिरवळीचं पाणी कण्हेरीला मारतंय असं समजा. दोघींची गरज जुळत नाही. जागाच सखल असेल तर झुडूप वीतभर उंच वरंब्यावर हलवण्यावाचून उपाय नाही. वाळूचा थर तळाशी घालून चिकट माती सुधारत नाही, उलट त्या थराच्या वर पाणी अडून राहतं.

कुंडीतलं झाड असेल तर बाहेर काढा. सैल, काळपट मुळं स्वच्छ कात्रीने पांढरा भाग लागेपर्यंत कापा. कात्री दर वेळी स्पिरिटने पुसा. तीन भागांत एक भाग जाड वाळू किंवा पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) असलेल्या मोकळ्या मातीत पुन्हा लावा, फार मोठ्या कुंडीत नको, कारण मुळांच्या मानाने कुंडी मोठी झाली की माती ओलीच राहते. मुळं जितकी गेली त्या मानाने फांद्या छाटा, आठवडाभर तिरप्या उजेडात ठेवा, खत अजिबात घालू नका. छाटलेल्या फांद्यांतली वीतभर लांबीची निरोगी कांडी मात्र टाकू नका. खालची पानं काढून पाण्यात किंवा ओल्या वाळूत ठेवली तर कण्हेरीला सहज मुळं फुटतात. मूळ झाड वाचलं नाही तरी त्याचा रंग हातचा जात नाही.

*पाणी कमी पडत असेल तर.* चित्र वेगळं दिसतं. पान आधी लांबीत वळतं, लवचिकपणा जातो, पिवळं होऊन कडकडीत वाळतं. कुंडीत माती कडेपासून सुटलेली असते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. आपल्याला वाटतं पाणी पोचलं, गोळा आतून कोरडाच. कुंडी अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. जमिनीतल्या झाडाला रोज तांब्याभर देण्यापेक्षा एकदाच खोलवर भिजेल असं द्या आणि वरची दोन-तीन बोटं माती सुकेपर्यंत पुन्हा देऊ नका.

पाण्याचा हिशोब नीट लागला नसेल तर पुढच्या पायऱ्यांकडे वळू नका. ओल्या, हवा कोंडलेल्या मातीत मुळं लोहही उचलू शकत नाहीत. पान अगदी लोह कमी पडल्यासारखं दिसतं, आणि आपण लोह घालत बसतो.

चौथी पायरी: नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या

शेतकरी याला केवडा पडणं म्हणतात, आणि रंग खरोखर तसाच असतो. शेंड्याचं कोवळं पान फिकट पिवळं, त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी. जास्त झालं तर पान जवळजवळ पांढरं पडतं आणि टोक करपतं. ही लोहाच्या कमतरतेची खूण.

मातीत लोह सहसा असतंच. पण माती अल्कधर्मी असली, चुनखडीची असली, की ते विरघळत नाही आणि मुळांना मिळत नाही. घराच्या भिंतीलगत लावलेल्या कण्हेरीत हे फार दिसतं. बांधकामाच्या वेळचा चुना, सिमेंट, विटांचे तुकडे तिथेच गाडलेले असतात. जड पाण्यानेही असंच होतं. कुंडीच्या काठावर, बाहेरच्या बाजूला पांढरी खरपुडी जमलेली असेल तर तुमचं पाणी हळूहळू माती चुनखडीची करतंय.

घरी करण्यासारखी पहिली चाचणी: वीतभर खालची चमचाभर माती सुकवा, वाटीत घ्या, त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसली तर मातीत मोकळा चुना आहे. फसफसली नाही म्हणून माती आम्लधर्मी ठरत नाही, पण चुना भरपूर नाही एवढं कळतं. जमलं तर सामू, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्क आहे ते सांगणारा पीएच, मोजायची पट्टी आणून मोजा. कण्हेर साधारण ६ ते ८ सामूत नांदते. त्याच्या वर केवडा दिसू लागतो.

दुसरी चाचणी मला जास्त आवडते, कारण तिथे झाडच उत्तर देतं. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल विरघळवा, त्यात साबणाचे दोन थेंब घाला, कारण कण्हेरीच्या मेणचट पानावर नुसतं पाणी टिकत नाही. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, चार-पाच पिवळ्या कोवळ्या पानांना दोन्ही बाजूंनी बोळ्याने पुसा आणि त्या फांदीला दोरा बांधा. शेजारची तशीच फांदी सोडून द्या. दहा ते चौदा दिवसांत पुसलेली पानं हिरवी झाली आणि शेजारची तशीच राहिली, तर लोहच कमी आहे. द्रावण दर वेळी ताजं करा. उभं ठेवलं की ते गंजासारखं तांबडं होतं आणि निकामी होतं. फरशीवर सांडलं तर डाग जात नाही, हेही लक्षात ठेवा.

लोहच ठरलं, तर पूर्ण झुडपाला याच द्रावणाची फवारणी दोन आठवड्यांच्या अंतराने दोन-तीनदा करता येते. पण तो तात्पुरता उपाय आहे, पुढची नवी पानं परत पिवळी येतात. टिकाऊ परिणामासाठी मातीतून चिलेटेड लोह, म्हणजे मातीत विरघळलेलंच राहावं म्हणून दुसऱ्या द्रव्यात बांधलेलं लोह, द्यावं लागतं. घेताना वेष्टनावर प्रकार वाचा. ईडीटीए प्रकारचं लोह अल्कधर्मी मातीत लवकर निकामी होतं, डीटीपीए थोडं जास्त टिकतं, चुनखडीच्या जमिनीत खरं काम करतं ते ईडीडीएचए. मात्रा वेष्टनावर लिहिलेली घ्या, त्याहून जास्त नको.

मातीत गंधक मिसळल्याने सामू उतरतो, पण ते काम मातीतले जीवाणू करतात आणि त्याला महिने लागतात. व्हिनेगरने जोरात फसफसणाऱ्या मातीत तर गंधक चुन्याशी झुंजण्यातच संपतं. तिथे कुजलेलं सेंद्रिय खत दर वर्षी घालत राहणं आणि जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी देणं, हे जास्त उपयोगी. आणि कुंडीत गंजलेले खिळे पुरणं सोडून द्या. गंज म्हणजे न विरघळणारं लोह, आणि मातीतली अडचण नेमकी तीच आहे.

मँगनीज कमी पडलं तरी नव्या पानांतच साधारण असंच दिसतं, फक्त शिरेच्या दोन्ही बाजूंना हिरवा पट्टा रुंद आणि अस्पष्ट राहतो. उपचाराची दिशा तीच.

पाचवी पायरी: जुनी पानं पिवळी, माती मात्र ठीक

सगळं जुनं पान एकसारखं फिकट, वाढ मंद, नवी पानं लहान: नत्र कमी. कुंडीतल्या झाडात हे नेहमीचं, कारण प्रत्येक पाण्याबरोबर नत्र वाहून जातं. लाकडाचा भुसा किंवा अर्धकच्चं शेणखत मातीत मिसळलं असेल तरीही असं होतं, ते कुजताना जीवाणू आजूबाजूचं नत्र ओढून घेतात. पूर्ण कुजलेलं खत दोन मुठी किंवा संतुलित विद्राव्य खत अर्ध्या मात्रेत पुरतं. नत्राचा मारा केला तर पानं हिरवीगार होतात खरी, पण फुलं कमी येतात आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा धावून येतो.

जुन्या पानाची मधली शीर आणि देठाकडचा भाग हिरवा, बाकी पिवळं: मॅग्नेशियम. लिटरमागे १० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी करा. जुन्या पानाची कडा पिवळी होऊन करपत असेल तर पालाश, पण तशीच कडा मातीत साठलेल्या क्षारांनीही करपते. कुंडीत खत भरपूर पडलेलं असेल तर आधी क्षारांचाच संशय घ्या. कुंडीच्या मापाच्या तिप्पट-चौपट पाणी सावकाश ओतून माती धुऊन काढा आणि महिनाभर खत बंद ठेवा.

सहावी पायरी: पान उलटून बघा

कण्हेरीवर सगळ्यात आधी नजरेत भरतो तो मावा. हळदीसारखा पिवळा, पाय काळे, कोवळ्या शेंड्यावर आणि कळ्यांच्या देठावर दाटीने बसलेला. ही जात रुईवरही असते, त्यामुळे शेजारी रुई वाढली असेल तर मावा तिथून येतो. यातल्या माद्या नराशिवायच पिलं देतात, म्हणून चार दिवसांत शेंडा झाकून जातो. तरीही झाड पिवळं पडण्याचा दोष लगेच माव्यावर ढकलू नका. तो शेंडे वाकडे करतो, चिकट गोड द्रव टाकतो, त्यावर काळी बुरशी येते. सगळी पानं पिवळी पडायला सहसा दुसरं कारण असतं.

पाण्याचा जोराचा फवारा खालून वर मारा, दोन दिवसांआड तीन वेळा. बहुतेकदा तेवढ्यात भागतं. मारण्याआधी भिंगाने बघा: माव्यांमध्ये काही फुगलेले, तपकिरी, कागदासारखे दिसतात का? त्यांच्या आत परोपजीवी गांधीलमाशीचं पिलू वाढतंय. जवळच मावा खाणारा ढालकिडा (लेडीबर्ड) किंवा त्याची काळी, काटेरी, लांबट अळी फिरत असेल तर मी तरी काहीच फवारत नाही. आठवडाभरात तेच काम करतात.

पान पिवळं करणारी खरी कीड म्हणजे खवले कीड. ती हलत नाही, म्हणून दिसत नाही. पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेलगत पांढुरके-पिवळसर, टाचणीच्या डोक्याएवढे चपटे गोल ठिपके शोधा. पानाच्या वरच्या बाजूला त्याच जागी पिवळा डाग पडलेला असतो. नखाने खरवडलं तर टोपी निघते आणि खाली मऊ पिवळा जीव दिसतो. टोपीखाली काही नसेल तर ती जुनी, मेलेली आहे. थोडी असेल तर जुन्या दातघासणीने साबणाच्या पाण्यात घासून काढा. जास्त असेल तर भरलेली आतली फांदी छाटून झुडूप मोकळं करा, म्हणजे हवा खेळते, आणि लिटरला ५ मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा साबण मिसळून संध्याकाळी पानाच्या खालून फवारा. दहा दिवसांनी पुन्हा, कारण टोपीखालची अंडी पहिल्या फवारणीत वाचतात. आधी एका फांदीवर फवारून दोन दिवस वाट बघा. मुंग्यांची रांग खोडावर चढत असेल तर तीही तोडा, गोड द्रवासाठी त्या किडीची राखण करतात.

पानावर राखेसारखे असंख्य बारीक फिकट ठिपके असतील, तर पांढरा कागद खाली धरून फांदी झटका. कागदावरचे कण चालायला लागले तर ते कोळी, जाळं विणणारे नव्हेत, पानाचा रस शोषणारे बारीक माइट. कोरड्या, धुळीच्या दिवसांत ते वाढतात, पानं धुऊन काढली की कमी होतात. पानं कुरतडलेली असतील, त्यावर निळसर डोळे असलेली जाड हिरवी अळी असेल, तर ती कण्हेरीवरचा मोठा पतंग होणार आहे. पिवळेपणाशी तिचा संबंध नाही, मोठ्या झुडपावर एक-दोन असतील तर राहू द्या.

सावलीत वाढणारी कण्हेर आतून पिवळी पडून विरळ होते. तिला रोज निदान सहा तास थेट ऊन हवं, त्याला पर्याय नाही. आणि जवळपास तणनाशक मारलं गेलं होतं का, हेही आठवून बघा. त्यानंतर नवी पानं अरुंद, वेडीवाकडी आणि पिवळी आली तर बाकी सगळी चौकशी थांबवा.

सातवी पायरी: एकच फांदी पिवळी

पाणी आणि खत सगळ्या झुडपाला सारखं मिळतं, म्हणून एकच फांदी पिवळी पडली तर दोष त्या फांदीतच शोधा. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बोटं फिरवत जा. आधाराला बांधलेली तार सालीत रुतलेली असते, वाऱ्याने फांदी अर्धी चिरलेली असते, कुठे भोक आणि भुसा असतो. नखाने साल किंचित खरवडा: खाली हिरवं ओलसर असेल तर फांदी जिवंत, तपकिरी कोरडं असेल तर मेलेली. हिरवं लागेपर्यंत खाली या, तिथून आणखी वीतभर खाली कापा. फांदीवर किंवा शेंगेवर खडबडीत गाठी दिसल्या तर तो जीवाणूजन्य गाठीचा रोग आहे. कोरड्या हवेत छाटा आणि प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा, नाहीतर आपणच तो पुढच्या फांदीला लावतो.

एका रोगाचं नाव मात्र माहीत असावं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात कण्हेरीची पानं टोकापासून आणि कडेने पिवळी होऊन भाजल्यासारखी तपकिरी व्हायला लागली. आधी एक फांदी, मग दुसरी, मग पूर्ण झुडूप. कारण झायलेला फास्टिडिओसा हा जीवाणू. तो झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवतो आणि रस शोषणाऱ्या तुडतुड्यांच्या जातीच्या किड्यांमार्फत पसरतो. यावर औषध नाही. जिथे हा रोग आढळलेला आहे तिथे अशी लक्षणं दिसली, पाणी व्यवस्थित असूनही फांद्या एकामागून एक करपत गेल्या, तर नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि खात्री झाल्यावर झुडूप मुळासकट काढावं. इतर ठिकाणी मात्र करपलेली कडा दिसली म्हणून लगेच या रोगाची धास्ती घेऊ नये. पाणी आणि क्षार आधी तपासावेत.

उपाय केल्यावर काय बघायचं

एका वेळी एकच उपाय करा. पाणी बदललं, लोह दिलं आणि फवारणीही केली, तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

पूर्ण पिवळं झालेलं जुनं पान परत हिरवं होत नाही, ते गळणारच. त्यावरून उपाय फसला असं ठरवू नका. उपाय कराल त्या दिवशी तीन-चार फांद्यांच्या शेंड्याशी, सगळ्यात वरच्या उघडलेल्या वलयाच्या खाली, रंगीत दोरा सैलसर बांधा. दोऱ्याच्या वर जी पानं येतील ती उपायानंतरची. वाढीच्या दिवसांत चार ते सहा आठवड्यांत तिथे दोन-तीन नवी वलयं यायला हवीत. ती पूर्ण आकाराची, गडद आणि शिरांसकट एकसारखी हिरवी असतील, तर कारण बरोबर सापडलं. तीही फिकट असतील तर खुरपं घेऊन पुन्हा तिसऱ्या पायरीवर जा आणि या वेळी झुडपाच्या दुसऱ्या बाजूला खणून बघा.